पिवळं ऑईल

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा मुलगा धुळ्याहून मोटरसायकलवर आला. नवी तऱ्हा, पाण्यानं थंड होणारं इंजिन. बाजूला हिरव्या पाण्याची छोटी टाकी आणि इंजिनाच्या पोटाला ऑईल दिसावं म्हणून काचेची गोल खिडकी. आमच्या काळी असली खिडकी असती तर निम्मे मेकॅनिक उपाशी मेले असते. मी चष्मा लावला, वाकलो आणि खिडकीत पाहिलं. ऑईल दुधाळ झालं होतं, सढळ हातानं दूध ओतलेल्या चहासारखं.

"टाकीतलं पाणी कमी होतं का रे?" मी विचारलं.

"होतं थोडं. आठवड्याला भर घालतो," तो म्हणाला. "काका, पुढच्या आठवड्यात मित्राचं लग्न आहे. तेवढं उरकलं की इंजिन उघडू. चालेल ना?"

मी त्याच्यावर असा काही ओरडलो की आतून सून धावत बाहेर आली. थंडीत गाडी थोडंच अंतर चालवली की ऑईलच्या झाकणाला फेस धरतो, तो इंजिन चांगलं तापलं की उडून जातो, त्याला कुणी भिऊ नये. पण ऑईलही दुधाळ आणि वर टाकीतलं पाणीही कमी, म्हणजे आत पाणी आणि ऑईल वेगळं ठेवणारं काहीतरी फुटलेलं असतं. पंपाचं सील असेल, नाहीतर हेडखालचं गॅसकेट. अशी गाडी चालते, हेच तिचं वाईट. चालते, चालते आणि नको त्या दिवशी बसते. मी किल्ली काढून घेतली आणि पोराला एस.टी.त बसवून दिलं. गाल फुगवून गेला. 'चालेल' हा शब्द मला सहन होत नाही, आणि का होत नाही ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावात, पिंप्राळ्याच्या रस्त्याला, माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि माझा आवाज. धरणगावपासून एदलाबादपर्यंतचे ड्रायव्हर गाड्या घेऊन यायचे आणि माझ्या शिव्या खाऊन जायचे. दुखणं ओळखण्यात माझा हात धरणारा नव्हता, हे तेव्हा मीच सगळ्यांना सांगायचो. ऑईल मोजायची पट्टी इंजिनातून ओढायची, खांद्यावरच्या फडक्याला पुसायची, परत बुडवून ओढायची, ऑईल बोटांवर चोळायचं, वास घ्यायचा. मग रेडिएटरचं झाकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघायचा, इंजिन सुरू करून पाण्यात बुडबुडे येतात का बघायचे. एवढं केलं की मी निकाल द्यायचो. ते फडकं माझ्या खांद्यावरून उतरत नसे. "निजतानी बी हाईच पांघरा," असं बायको म्हणायची.

माझी स्वतःची एक जुनी जीप होती, लष्कराच्या लिलावातली. तिच्यात मी प्रवासी न्यायचो, लग्नसराईत वऱ्हाडं न्यायचो. त्या उन्हाळ्यात तिच्या रेडिएटरला खालून बारीक गळती लागली. आमच्याकडे अशा वेळी रेडिएटरात मूठभर हळद टाकतात. गरम पाण्यात हळद फुगते, भोकापाशी जाऊन बसते आणि गळती थांबते, यात काही खोटं नाही. पण हळद घरी पोचण्यापुरती असते. घरी पोचलं की रेडिएटर उतरवून भोक कथलाच्या डाकानं बुजवायचं, आतला गाळ धुऊन काढायचा. हे मी ड्रायव्हरांना किती वेळा ओरडून सांगितलं असेल, त्याला गणती नाही. माझी जीप मात्र दीड महिना हळदीवर पळत होती.

तशात दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि जे पाणी मिळे ते खारं, क्षाराचं. तेच रेडिएटरात जायचं. क्षार आणि हळद मिळून आतल्या नळ्या बुजत गेल्या, इंजिन तापत गेलं, आणि तापून तापून हेडखालचं गॅसकेट जळलं. एका सकाळी मी पट्टी ओढली तर तिच्यावर पिवळी साय होती. दुसऱ्या कुणाच्या गाडीत पांढरट दिसली असती. माझ्या गाडीच्या पाण्यात हळद होती, म्हणून पिवळी. शंकेला जागाच नव्हती, पाणी ऑईलमध्ये उतरत होतं. हेड उघडून गॅसकेट बदलायला दोन दिवस लागले असते, आणि लग्नाच्या तिथी तर एकापाठोपाठ एक होत्या. मी पट्टी फडक्याला पुसली, परत खोचली, फडकं खांद्यावर टाकलं आणि स्वतःशीच म्हणालो, चालेल.

माझी माय तेव्हा धुळ्याला धाकट्याकडे होती. त्याच्या बायकोचं बाळंतपण करायला म्हणून गेली, ती तिकडेच राहिली. एरवी ती आमच्याकडे असायची. आमच्या देवघरात तिची एक तांब्याची लोटी होती, तोंडाला डाक देऊन बंद केलेली. वडील शेतात एकाएकी गेले होते. सकाळी गेले आणि दुपारी बांधावर सापडले, जवळ कुणी नव्हतं. मायच्या मनाला ते फार लागलं. वर्षश्राद्ध झाल्यावर गावातल्या बायांबरोबर ती काशीला गेली आणि ही लोटी घेऊन आली. देवघरात ठेवताना तिनं मला समोर बसवलं.

"तुन्हा बाप कोरडा तोंडे गया," ती म्हणाली. "मन्हं तसं नको व्हवाले. हाई गंगा मले तुन्हा हातनं पाज."

मी हो म्हणालो. तिनं दुसरं कधी काही मागितलं नव्हतं. लुगडंसुद्धा आणलं तर "कसाले आनं?" म्हणून भांडायची. एवढी एकच गोष्ट मागितली होती.

लग्नसराई सरत आली असताना एका सकाळी तार आली. पोस्टमननंच वाचून अर्थ सांगितला: आई अत्यवस्थ, लोटी घेऊन ताबडतोब ये. बायकोनं देवघरातून लोटी काढली, पदरात गुंडाळली आणि दाराशी येऊन म्हणाली, "एष्टीनं जाऊत."

"एष्टी गावोगाव थांबस," मी म्हणालो. "जीपनं जेवणाआधी पोचूत."

तिला गाडीचं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पट्टी ओढून बघायचीसुद्धा मला त्या सकाळी हिंमत झाली नाही. पाहिलं असतं तर मलाच मला खड्ड्यात उभं करून शिव्या द्याव्या लागल्या असत्या. म्हणून न बघताच निघालो.

गिरणेच्या पुलावरून गेलो तेव्हा खाली नुसती वाळू होती. पाळधीपर्यंत गाडी बरी चालली. एरंडोल जवळ आलं तसा तापमानाचा काटा चढू लागला आणि मागून पांढरा धूर निघू लागला. तो धूर नव्हता, वाफ होती. इंजिन आपलंच पाणी जाळत होतं. एरंडोलला स्टँडसमोर गाडी लावली, बॉनेट उघडलं, इंजिन निवेपर्यंत थांबलो. हॉटेलवाल्याकडे पाणी मागितलं तर त्यानं कपबशा धुतलेल्या पाण्याची बादली पुढे केली. त्या वर्षी तेवढं देणाराही सज्जनच म्हणायचा. मी ते गाळून रेडिएटरात ओतलं.

समोर धुळ्याची एस.टी. उभी होती. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून पायरीवर उभा होता.

"चाला ना, तिनामा बसूत," बायको म्हणाली.

"गाडी रस्तावर टाकी दिऊ?"

"टाका. माय काय गाडी देखाले बोलाई राहिनी?"

मला तिचा असा राग आला की बोलता सोय नाही. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग जरा जास्तच येतो. मी बॉनेट आपटलं आणि "बस" म्हणालो. एस.टी. आमच्या डोळ्यांदेखत गेली. ती धुळ्याला आमच्या कितीतरी आधी पोचली असणार, हा हिशोब मी पुढे अनेक वर्षं करत राहिलो.

पारोळ्याच्या पुढे एका खेड्याशी काटा परत टोकाला गेला. रस्त्याकडेच्या विहिरीवर बायांची रांग लागली होती. टँकर नुकताच विहिरीत पाणी सोडून गेला होता आणि गढूळ पाणी शेंदून प्रत्येकीच्या हंड्यात मोजून पडत होतं. मी डबा घेऊन थेट पुढे गेलो. एका म्हातारीनं आडवा हात केला.

"पानी नही म्हनीसन म्हैस इकी टाकी मी," ती म्हणाली. "आते तुन्ही मोटरले पाजू?"

मी तिच्याशी भांडलो. काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. सगळ्या बाया हंडे सोडून माझ्याकडे बघत राहिल्या. मायचं नाव काढायचं मला सुचलं नाही, की काढावंसं वाटलं नाही, आज सांगता येत नाही. मग बायको जीपमधून उतरली. कुशीतली लोटी तिनं म्हातारीला दाखवली.

"मन्ही सासू धुळाले मरी राहिनी. तिले हाई पाजनी शे."

म्हातारीनं लोटीला हात लावून नमस्कार केला. मग स्वतःच्या हंड्यातलं निम्मं पाणी माझ्या डब्यात ओतलं, माझ्याकडे न बघता.

"गाडीले देत नही मी," ती बायकोला म्हणाली. "तुन्ही सासूले देस."

निम्मा हंडा पाणी म्हणजे तिच्या घरातला एक वेळचा स्वयंपाक होता. ते आमच्या इंजिनानं तासाभरात वाफ करून उडवलं.

धुळं सात-आठ मैलांवर राहिलं असताना गाडी जागा सोडेना. रेडिएटर पुरता कोरडा पडला होता आणि इंजिनातून हातोडी आपटल्यासारखा आवाज येऊ लागला. ऑईलमध्ये इतकं पाणी मिसळलं होतं की ते वंगण राहिलंच नव्हतं, लोखंडावर लोखंड घासत होतं. आजूबाजूला उजाड माळ, झाडाला पान नाही, विहीर नाही, वस्ती नाही. दोन ट्रक गेले, थांबले नाहीत. एक एस.टी. गेली, तिच्या दारालासुद्धा माणसं लटकलेली. बायकोनं दोन्ही हात वर करून तिला थांबवायचा प्रयत्न केला. मग ती परत येऊन गाडीच्या सावलीत खाली बसली, लोटी मांडीवर घेऊन.

आम्ही दोघंही त्या लोटीकडे बघत होतो. शेरभर पाणी असेल तिच्यात. इंजिन पुरतं निवू दिलं, शेरभर पाणी घातलं आणि हळू चालवलं, तर गाडी धुळ्यापर्यंत जाईल असा माझा अंदाज होता. असले अंदाज माझे चुकत नसत.

"कशी फोडू?" मी म्हणालो. "मायनी गंगा शे ती."

बायकोनं लोटी माझ्यापुढे धरली.

"गंगा घोटभर बी चाली," ती म्हणाली. "पोऱ्या नही पोचना ते कसं चाली?"

मी हत्यारांच्या पिशवीतून छन्नी काढली आणि लोटीच्या तोंडाचा डाक फोडला. काशीच्या कुठल्या कासारानं तो पक्का बसवला होता. पाच-सहा घाव घालावे लागले, आणि प्रत्येक घावाला बायको डोळे मिटत होती. मग इंजिन जरा निवल्यावर ते सुरू करून बारीक धारेनं लोटीतलं पाणी मी रेडिएटरात सोडलं. तापलेल्या इंजिनावर भसकन गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाते, हे त्या वेळीही माझ्या डोक्यात होतं. डोकं कामाचं सगळं करत होतं. चौथा हिस्सा पाणी लोटीत ठेवलं आणि थांबलो.

आता लोटीला तोंड राहिलं नव्हतं आणि खड्ड्याखड्ड्यांतून गाडी हाणायची होती. उरलेलं हिंदकळून सांडलं तर सगळंच गेलं. बायको म्हणाली, "थांबा, मी पदर लावस." पण तोवर माझा हात सवयीनं खांद्याकडे गेला होता. गॅरेजात कुठलंही उघडं भोक दिसलं, नळी असो की टाकी, की आम्ही त्यात फडकं कोंबतो. धूळ जाऊ नये म्हणून. मी फडक्याचं टोक पिळून लोटीच्या तोंडात गच्च कोंबलं, लोटी तिच्या हातात दिली आणि गिअर टाकला.

पांझरेच्या पुलाशी इंजिनाचा आवाज बदलला, धाकट्याच्या गल्लीत शिरताना ते गचके देऊ लागलं आणि त्याच्या घरासमोर आपणहून बंद पडलं. ते परत कधी सुरू झालं नाही. पण आम्ही पोचलो होतो. दुपार टळत होती. दारात माणसं उभी होती, पण कुणी रडत नव्हतं.

मायला खाली घेतलं होतं, घोंगडीवर. डोळे अर्धे उघडे होते. श्वास होता. धाकटा उशाशी बसला होता.

"दादा उना, माय," तो तिच्या कानाशी म्हणाला. "गंगा लिसन उना."

तिनं डोळे उघडले. मला ओळखलं, याबद्दल मला आजही शंका नाही. ओठ हलले. धाकट्याच्या बायकोनं पळी आणि तुळशीचं पान माझ्या हातात दिलं. मी लोटीतून फडकं ओढून काढलं आणि पळीत पाणी ओतलं.

दारातून उन्हाची तिरीप आत येत होती. पळीतल्या पाण्यावर तवंग होता. कडेला बारीक पिवळे ठिपके आणि त्यांच्याभोवती पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलला येतात ते रंग. दोन आठवड्यांपूर्वी ज्या फडक्याला मी ती पट्टी पुसली होती, त्याच फडक्यातलं. हजार रेडिएटरांत मी असं पाणी बघितलं होतं. एका नजरेत कळलं मला.

थांबायला हवं होतं. 'हे पाणी नको, दुसरं आणा,' एवढं म्हणायला हवं होतं. तिला घरातल्या माठातलं चाललं असतं, देवालाही चाललं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते. धाकटा रडत होता. आणि ती वाट बघत होती, माझ्या हाताची. पळीवरून नजर काढून मी मनात तोच शब्द म्हटला. चालेल. आणि पळी तिच्या ओठांना लावली.

पाणी तोंडात गेलं. जीभ हलली. मग तिच्या चेहऱ्यावर आठी पडली, मी लहानपणी जेवणात खोड काढली की पडायची तशीच.

"पानीमा तेल शे," माय म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. तिनं मान वळवली आणि तोंडातलं पाणी गालावरून घोंगडीवर ओघळलं. मी परत पळी पुढे केली नाही. दारातली कुणीतरी बाई म्हणाली, "भरम व्हयना म्हतारीले." सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकोनं माझ्या हातातलं ते फडकं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

घशाला कोरड असेल, म्हणून धाकट्यानं माठातलं पाणी पळीत घेतलं. त्याच्या हातून ती दोन घोट प्यायली, अगदी सावकाश, आणि डोळे मिटले. दिवेलागणीच्या आधी गेली.

तेराव्यानंतर जीप बैलगाडीला बांधून एका गॅरेजात नेली आणि मी तिचं हेड उघडलं. गॅसकेट दोन सिलिंडरांच्या मधे करंगळीएवढं जळलं होतं. ते हातात घेऊन मी रडलो, तिथे, परक्या गॅरेजात, उकिडवा बसून. आईच्या दुःखानं रडतो आहे असं त्या माणसाला वाटलं आणि त्यानं चहा मागवला. बायकोनं ती लोटी चिंचेनं आणि राखेनं घासली, तीन-चारदा घासली आणि फळीवर सगळ्यात मागे ठेवली. त्या दिवसाबद्दल ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आमच्या भाऊबंदांत अजून सांगतात की म्हातारी भाग्याची, थोरल्याच्या हातची काशीची गंगा पिऊन गेली. धाकटाही हेच सांगायचा, आणि तसंच समजून तो गेला. परवा पुतण्या मोटरसायकल घ्यायला आला. मी तिचं नवं सील बसवून, ऑईल दोनदा बदलून तयार ठेवली होती. त्याचा राग गेला होता. फळीवरची लोटी दिसली तशी त्यानं ती खाली काढली, हातात फिरवली, कपाळाला लावली.

"काका, आजीला हिच्यातलीच गंगा पाजली ना तुम्ही?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली, हो म्हणून.